भरल्या घरात देवाला जागा कशी करायची

आधीच सांगून टाकते. पहाटे चारला उठा, गार पाण्याने अंघोळ करा, अर्धा तास डोळे मिटून बसा, असलं काही इथे मिळणार नाही. ज्यांना जमतं त्यांनी खुशाल करावं. मी पावणेसहाला उठते, तेही गजर एकदा बंद करून. त्यानंतर रात्री ओटा पुसेपर्यंत कुणी ना कुणी मला हाक मारत असतं. ज्यांची गत अशीच आहे, त्यांच्यासाठी हे लिहितेय.

राहायला ठाण्यात मानपाड्याला, नोकरी तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात, एका गाळ्यावर हिशेब लिहायची. घरी सासूबाई आहेत, त्यांना रोज इन्सुलिन. नवरा रबाळ्याच्या कारखान्यात, त्याची शिफ्ट बदलत असते. मुलगा बारावीला, म्हणजे टीव्ही बंद आणि सगळे कुजबुजत बोलतात. लेक मानसशास्त्रात एम. ए. करतेय आणि प्रयोगाला आम्हीच सापडतो. घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकबद्दल ठाणेकरांना सांगायची गरज नाही. बस माजिवड्याला अडकली की स्टेशनला उतरल्यावर दहा नंबरच्या फलाटापर्यंत पळायचं, हे ठरलेलं.

मैत्रिणी विचारतात, एवढ्या रामरगाड्यात तुला देवाधर्माला वेळ कुठून मिळतो? मिळत नाही. पोथी मी वाचत नाही, आणि उपास चतुर्थीचा सोडला तर एकही करत नाही. पण कृतज्ञता आणि श्रद्धा या दोन्ही गोष्टी वेगळा वेळ न काढता दिवसात बसवता येतात, एवढं मला अनुभवाने कळलंय.

आधीपासून चालू असलेल्या कामाला बांधा

रोज हात आपोआप करतात अशी कामं शोधा. त्यातलं एखादंच निवडा, फार तर तीन. उत्साहात दहा निवडाल तर आठवड्यात सगळी गळतील. काम निवडताना एक बघा, की त्यात हात अडकलेले असावेत आणि डोकं मोकळं असावं. भाकरी थापताना नको, तिथे लक्ष लागतं. कुकरच्या शिट्या मोजताना चालेल.

माझं पहिलं काम इन्सुलिनचं. पेन वापरणाऱ्यांना माहीत असेल: नवी सुई लावायची, दोन युनिट हवेत सोडून बघायची, मग आकडा फिरवून मात्रा लावायची. पोटावर बेंबीपासून दोन-तीन बोटं लांब टोचायचं, कालची जागा सोडून. बटण दाबलं की आकडा शून्यावर येतो, पण सुई लगेच काढायची नाही. दहापर्यंत मोजायचं, नाहीतर औषधाचा थेंब बाहेर येतो. घाईत असलात तरी हे दहा आकडे चुकत नाहीत, आणि मला जागा सापडली ती तिथेच.

या दहा आकड्यांत मी त्या औषधामागची माणसं आठवते. १९२१ साली कॅनडात, टोरांटोला, फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांनी इन्सुलिन वेगळं काढलं. जानेवारी १९२२ मध्ये ते पहिल्यांदा एका चौदा वर्षांच्या मुलाला टोचलं गेलं. त्याआधी अशा मुलांवर इलाज म्हणजे उपाशी ठेवून आणखी थोडे दिवस जगवणं, एवढाच होता. पेटंट त्या शोधकांनी विद्यापीठाला नाममात्र एका डॉलरला देऊन टाकलं. ही गोष्ट मी सासूबाईंना सांगितली तेव्हा त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "त्या पोराच्या आईला काय वाटलं असेल गं." आता आकडे त्या मोजतात, मोठ्याने. पाचवर आल्या की कधी कधी त्या आईची आठवण काढतात. आमच्या घरातली सकाळची प्रार्थना ही एवढीच, आणि तिला अगरबत्तीसुद्धा लागत नाही.

दुसरं काम गाडीतलं. ठाण्याहून वाशी-पनवेलची गाडी सुटली की खाडीचा पूल येतो, मग दिघा, ऐरोली, आणि डाव्या हाताला पारसिकचा डोंगर दिसत राहतो. पुलावर चाकांचा आवाज बदलतो. तो आवाज आला की मी फोन पर्समध्ये टाकते आणि काल माझ्यासाठी कुणी काय केलं, त्यातली एकच गोष्ट आठवते. पूल संपला की फोन पुन्हा हातात आला तरी चालतो. याच पुलावर काही भाविक निर्माल्याची प्लास्टिकची पिशवी गाडीतून खाडीत भिरकावतात. मला तरी ही श्रद्धा वाटत नाही, कचरा टाकणं वाटतं. पुढे ऐरोलीच्या खाली याच खाडीत फ्लेमिंगो उतरतात, २०२२ मध्ये या खाडीला रामसर दर्जा, म्हणजे महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळालीय. देवाला वाहिलेली फुलं कुंडीत घाला, मोगरा चांगला येतो.

तिसरं काम संध्याकाळी गाळ्यावर वही मिटतानाचं. त्याचं पुढे सांगते.

तपशील लिहा, नाहीतर नोंद धरली जात नाही

"देवा, जे काही दिलंस त्याबद्दल आभार." हे वाक्य मोठं छान वाटतं आणि पुढच्या क्षणी विसरायला होतं. आमच्या कामात नुसती रक्कम लिहून चालत नाही. कुणाकडून आली, कशापोटी आली, कुठल्या तारखेला, हे लागतं. तपशील नसेल तर शेठ वही परत करतात. कृतज्ञतेलाही मी हाच नियम लावते.

"नवरा चांगला आहे" ही नोंद नव्हे. "रात्रपाळी करून आला आणि झोपायच्या आधी पिंप भरून ठेवलं, म्हणून मला पाणी गेल्यावर धावपळ झाली नाही" ही नोंद. "सहकारी मदत करतात" नको. "पावसात माल उतरत होता तेव्हा ज्यांनी माझ्या टेबलावरची बिलं ताडपत्रीखाली सरकवली ते मामा" असं लिहा. तपशील शोधायचा म्हटलं की दिवसभर नजर उघडी ठेवावी लागते, आणि खरा फरक तिथे पडतो. रविवारी वहीत लिहायला काहीतरी लागणार म्हणून मी आठवडाभर बघत राहते.

मामांचा विषय निघालाच आहे तर सांगते. मार्केटातले बरेच माथाडी, म्हणजे ओझी वाहणारे कामगार, सातारा, पुणे, सांगलीकडचे. कोपरखैरणे, घणसोलीच्या वसाहतींत राहतात. पहाटे गाड्या लागतात तेव्हा यांची पाठ कामाला लागते. यातले एक वयस्कर मामा पहिल्या गोणीला हात लावून तो कपाळाला लावतात आणि मगच ती पाठीवर घेतात. मी विचारलं, "मामा, गोणीच्या पाया का पडता?" म्हणाले, "ताई, ही आली म्हणून घरात चूल पेटती. हिला कशाला विसरू?" इतकं सरळ उत्तर मला कुठल्या प्रवचनात ऐकायला मिळालं नव्हतं. ते करायला त्यांना दोन सेकंद लागतात, आणि मागे मुकादम ओरडत असतो.

ज्याचं त्याला पोचवा

मनात आभार मानून ठेवले तर अर्धंच काम झालं. समोरच्याला कळलं पाहिजे. पण इथे आपल्या मराठी घरांची एक अडचण आहे. सासूबाईंना "थँक्यू" म्हटलं की त्या चिडतात, "मी काय परकी आहे का?" यावर उपाय सोपा. आभार मानू नका, परिणाम सांगा. "आई, तुम्ही मटार सोलून ठेवलेत म्हणून आज गाडी मिळाली." यावर त्या काही बोलत नाहीत, पण दुसऱ्या दिवशी लसूणही सोललेला असतो.

बाहेरही हेच. बसमधून उतरताना कंडक्टरला "तुम्ही थांबलात म्हणून बरं झालं" एवढं म्हणा. सोसायटीत जिना झाडणाऱ्या ताईंना दिवाळीला पाकीट देणं वेगळं आणि "काल पाणी साचलं होतं ते तुम्ही काढलंत ना, आई घसरल्या असत्या" हे सांगणं वेगळं. दोन्ही करा. नुसत्या गोड शब्दांनी कुणाच्या घरचं रेशन येत नाही.

ताटावर बसताना

हा भाग मी जरा लांबवणार आहे, कारण माझं पोट याच्यावर आहे.

शेतकऱ्याचा माल विकला गेला की त्याची पट्टी बनते. वर नाव आणि गाव, मग गोण्या, वजन, भाव, एकूण रक्कम. खाली वजावट सुरू होते: हमाली, तोलाई (माल तोलण्याचे), वाराई (गाडीतून माल उतरवण्याचे), गाडीभाडं. शेवटी निव्वळ रक्कम. भाव चढा असतो तेव्हा हे लिहिताना काही वाटत नाही. भाव पडतो तेव्हा वजावटीचे आकडे फारसे कमी होत नाहीत, वरचा आकडा मात्र कोसळतो. गाडीभर कांदा पाठवलेल्या माणसाच्या हाती बियाण्याचे पैसेही पडत नाहीत, असे हंगाम मी लिहून काढलेत. जुन्नर, मंचर, सिन्नर, लासलगाव ही माझ्यासाठी नकाशावरची गावं नाहीत. त्या गावांच्या पुढचे आकडे मला माहीत आहेत.

म्हणून माझ्या घरी रात्रीच्या जेवणाला एक पद्धत आहे. पहिला घास घ्यायच्या आधी ताटातला एक पदार्थ निवडायचा आणि तो कुठून आला ते कुणीतरी एकाने सांगायचं. कांदा मी सांगते. तांदूळ, गूळ, मासे यांचा शोध बाकीच्यांनी लावायचा. मुलाला सुरुवातीला हे फार बालिश वाटायचं. मग त्याने एका रात्री मिठाचा शोध लावला आणि मिठागरात पाणी आटवून मीठ कसं धरतात ते आजीला समजावत बसला. अन्न गार झालं, पण मी काही बोलले नाही.

पूर्वी ताटाभोवती पाणी फिरवून चित्राहुती घालत. ती घालणाऱ्या माणसाला निदान एक क्षण थांबावं लागे. तुमच्या घरी ती पद्धत अजून असेल तर सोडू नका. नसेल तर गावाचं नाव घ्या. आणि ताटात टाकू नका. अन्नाबद्दलची कृतज्ञता शेवटी खरकट्याच्या डब्यात कळते.

आठवड्याची वही

रोज लिहू नका. लेकीने सांगितलं तेव्हा मलाही नवल वाटलं. २००३ मध्ये रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅककलॉ या दोन मानसशास्त्रज्ञांनी काही जणांना आपल्याला लाभलेल्या गोष्टी लिहायला लावल्या, काहींना कटकटी लिहायला लावल्या. लाभ लिहिणारे आपल्या आयुष्याबद्दल अधिक समाधानी निघाले. पुढे सोन्या ल्युबोमिरस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहा आठवडे तपासलं, तेव्हा आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांना फायदा झाला आणि तीनदा लिहिणाऱ्यांना झाला नाही. रोजचं झालं की त्याचा रतीब होतो, असं मी माझ्यापुरतं समजते.

मी रविवारी दुपारी लिहिते, भांडी घासून झाली की. साधी शाळेची वही. आडव्या पानावर चार रकाने: तारीख, कुणाकडून, काय, आणि शेवटचा रकाना "पोच". ज्याने केलं त्याला जाऊन सांगितलं असेल तर पोच रकान्यात बरोबरची खूण. नसेल तर रिकामा. पुढच्या रविवारी आधी मागच्या रिकाम्या जागा बघायच्या. सोमवारी संध्याकाळी गाळ्यावर वही मिटताना मी त्यातली एक पोच उरकते, बहुतेक वेळा फोन करून. माझं तिसरं काम म्हणजे हेच. एकदा शाळेतल्या गणिताच्या बाईंचा नंबर शोधून काढला. त्यांना मी आठवले नाही, पण त्यांनी अर्धा तास फोन ठेवला नाही.

आता महत्त्वाचं. लिहिता लिहिता अशा नोंदी यायला लागतात ज्यांच्या "कुणाकडून" या रकान्यात काय लिहावं ते सुचत नाही. मुलगा सायकलवरून पडला आणि मागचा टेम्पो वेळेत थांबला. ड्रायव्हरचं नाव माहीत नाही, आणि नुसत्या ड्रायव्हरने हे केलं असंही वाटत नाही. जूनमध्ये पाऊस आला. सकाळी जाग आली. धंद्यात एखादी रक्कम जमा होते आणि पाठवणाऱ्याचा पत्ता लागत नाही, तेव्हा आम्ही ती सस्पेन्स खात्यात टाकतो. खिशात घालायची नाही, नाकारायचीही नाही. धनी सापडेपर्यंत खातं उघडं ठेवायचं. माझ्या वहीत त्या रकान्यात मी "वर" असं लिहिते.

माझी श्रद्धा तिथून सुरू झाली, देव्हाऱ्यापासून नाही. लहानपणी लावलेल्या सवयी होत्याच, पण त्या सवयी होत्या. "वर" लिहिलेल्या ओळी वाढत गेल्या तशी पाठीशी काहीतरी आहे ही खात्री हळूहळू आली.

चांगलं झालं की कुणाला तरी जेवू घाला

माझ्या आधीच्या नोकरीत एक बेने इस्रायली ताई होत्या. कोकणातल्या या ज्यूंना एकेकाळी शनवार तेली म्हणत, कारण ते तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे. ठाण्यात त्यांची जुनी वस्ती आहे, १८७९ सालचं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ आहे. ताईंच्या मुलाचं ऑपरेशन नीट पार पडलं तेव्हा त्यांनी आम्हाला मलिद्याला बोलावलं. मोठ्या ताटात भिजवलेले पोहे, त्यात ओलं खोबरं, साखर, सुका मेवा, वेलची, भोवती फळं. आधी प्रार्थना, त्यात एलियाहू हन्नावी या त्यांच्या प्रेषितांचं स्मरण. अलिबागजवळ खंडाळ्याला ते येऊन गेले अशी त्यांची श्रद्धा आहे. मग प्रत्येकाच्या हातावर मलिदा. लग्न असो, नवं घर असो, आजारातून उठणं असो, देवाचे आभार मानायची त्यांची रीत ही.

आपल्याकडे सत्यनारायण आहे, नवस फेडणं आहे, गोंधळ आहे. पण आपण ते "पुढे कधीतरी, मोठ्या हॉलमध्ये" यावर ढकलतो आणि मग दोनशे पानं उठवायची म्हणून कंटाळतो. लहान करा. आठवड्याच्या आत करा. मुलाचा ताप उतरला तर शेजारच्या दोन घरी शिरा द्या आणि कशाबद्दल ते सांगा. शिरा कशाबद्दल हे सांगणं चुकवायचं नाही, नाहीतर तो नुसता शिरा.

नेम: लहान, ठरलेला, मूडवर न सोडलेला

श्रद्धेला एक नेम लागतो. रोजचा असायलाच हवा असं नाही, पण ठरलेला हवा. "मन प्रसन्न असेल तेव्हा देवळात जाईन" म्हणाल तर वर्षातून दोनदा जाल.

माझा नेम सोमवारचा, कौपिनेश्वराचा. ठाणे स्टेशनपासून चालत जाण्यासारखं हे देऊळ, मासुंदा तलावाच्या बाजूला. जांभळी नाक्याचा भाजीबाजार शेजारीच, त्यामुळे पिशवी रिकामी परत येत नाही. आतली पिंड एवढी मोठी आहे की पहिल्यांदा येणारे दारातच थबकतात. गुढीपाडव्याची स्वागतयात्राही इथूनच निघते. श्रावणी सोमवारी रांग बघून छाती दडपते. अशा दिवशी मी आत जात नाही. रस्त्यावरून कळसाला हात जोडते, आणि नेम झाला. कळसाचं दर्शन चालतं, हे मला माझ्या आजीने सांगितलंय, आणि तिच्यावर अपील नाही.

आत गेलात तर पहिला एक मिनिट काही मागायचं नाही. वहीतली या आठवड्याची "वर" लिहिलेली एक ओळ सांगायची. मग मागायचं. मागूच नका असं म्हणणारे असतात, निष्काम वगैरे. मी त्यातली नाही. मुलगा बारावीला आहे, मी मागणार. फक्त क्रम पाळायचा.

देऊळ वाटेत नसेल तर कामच नेमाला धरा. अरणचे सावता माळी पंढरीला गेले नाहीत, मळ्यातच विठ्ठल बघत राहिले. बाकी संतांच्या पालख्या पंढरपूरला जातात, अरणला मात्र विठ्ठलाची पालखी येते असं सांगतात. मार्केटात दसऱ्याला वजनकाट्याची पूजा होते, लक्ष्मीपूजनाला वह्यांची. आता वह्यांसोबत कॉम्प्युटरही असतो. मागच्या वेळचं हळदीचं बोट मॉनिटरच्या कडेला अजून तसंच आहे, मी पुसत नाही. सकाळी मशीन सुरू होईपर्यंत नजर तिथेच जाते.

देव न मानणाऱ्यांनी हा भाग सोडून दिला तरी हरकत नाही. आमच्याकडे माल तोलणारा एक जण पक्का नास्तिक आहे. नेमाने दर महिन्याला रक्तपेढीत फोन करून विचारतो, गरज आहे का. "वर" या रकान्यात त्याने काय लिहावं ते त्याचं तो बघेल.

वाईट दिवसांत

सासूबाई एकदा अतिदक्षता विभागात होत्या. बाहेरच्या बाकावर बसून मंत्र म्हणायला गेले तर शब्द पुढे सरकेनात. तेव्हा फोनमध्ये काढून ठेवलेले वहीच्या जुन्या पानांचे फोटो वाचले. त्यांनी सोललेले मटार तिथे होते, टेम्पो थांबलेला होता, गणिताच्या बाई होत्या. आतापर्यंत इतकं मिळालंय हे स्वतःच्या अक्षरात वाचताना श्वास जरा मोकळा झाला. पानांचे फोटो काढून ठेवा असं मी सांगते ते त्यासाठी. घरातून निघताना वही हाताशी येत नाही.

त्या बऱ्या होऊन घरी आल्या. पण प्रार्थना फळाला आली असं मी म्हणणार नाही. शेजारच्या बाकावर बसलेल्या माणसांनीही तेवढंच मागितलं होतं, आणि त्यांचं माणूस गेलं. याचं उत्तर माझ्याजवळ नाही. त्या रविवारी वहीत मी काहीच लिहिलं नाही. पान कोरं सोडलं, वर तारीख घातली. असं करायला परवानगी आहे.

कुठे कृतज्ञ व्हायचं नाही

हे न सांगता लेख संपवला तर वरचं सगळं धोक्याचं ठरेल. "नोकरी आहे याचे आभार माना" असं ऐकवून जादा कामाचे पैसे बुडवणारे मालक मी पाहिलेत. एकाकडे मी कामालाही होते. तिथे हात जोडायचे नाहीत, हिशेब मागायचा. पहिली गोणी कपाळाला लावणारी जी माणसं मी सांगितली, त्यांच्याच आधीच्या पिढीने अण्णासाहेब पाटलांच्या मागे उभं राहून मोर्चे काढले आणि १९६९ चा माथाडी कायदा आणला. देवावर भरवसा आणि मुकादमाशी भांडण, दोन्ही एका माणसात सुखाने नांदतं.

घरातही तेच. नवरा एक दिवस भांडी घासतो म्हणून त्याची ओवाळणी आणि बायको रोज घासते ते धरलेलंच, असं असेल तर वही बाजूला ठेवून आधी कामं वाटून घ्या.

आणखी एक. "त्या झोपडीतल्यांकडे बघ, त्यांना तेही नाही" असं मुलांना शिकवू नका. दुसऱ्याच्या कमी असण्यावर आपलं समाधान उभं करायचं नाही.

घरच्यांना कसं घ्यायचं

घेऊ नका. त्यांना यायचं तेव्हा येतील. नवऱ्याने वर्षभर वहीकडे बघितलंही नाही. मग एका रविवारी त्याच्या अक्षरात एक ओळ दिसली, आमच्या मजल्यावरच्या वॉचमनबद्दल. मी काही विचारलं नाही, त्यानेही काही सांगितलं नाही. पोचच्या रकान्यात खूण होती. लेक वहीला "डेटा" म्हणते, म्हणू दे.

सुरुवात पाडव्याला, संकष्टीला, एक तारखेला करू असं ठरवू नका, ज्या वारी हे वाचताय त्याच वारी करा. आठवडा चुकला तर पुढच्या रविवारी दुप्पट लिहायला बसू नका, आठवून आठवून लिहिलेलं खोटं उतरतं. वही फ्रिजवर ठेवा, कपाटात ठेवलीत तर ती दिवाळीच्या सफाईला सापडेल. आणि पेन तिला दोऱ्याने बांधा. आमच्या घरात सुटं पेन दोन दिवस जागेवर राहिलेलं नाही.